रूनलाइटचे ‘चॅट फिल्टर’: सांगाल तेवढेच गाळणारे, पण काय गाळले ते न सांगणारे

ओल्ड स्कूल रूनस्केप या अनेकांनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन खेळात व्हॅरॉक शहराच्या वायव्येला असलेले ग्रँड एक्सचेंज हे सदैव गजबजलेले ठिकाण आहे, आणि तिथे उभे असताना चॅटबॉक्सइतकी निरुपयोगी गोष्ट पडद्यावर दुसरी नसते. ही बाजारपेठ २६ फेब्रुवारी २०१५ रोजी खेळात आली. तेव्हापासून वस्तू विकण्यासाठी चौकात उभे राहून ओरडण्याची गरज संपली. ओरडा मात्र थांबला नाही, ओरडणारे तेवढे बदलले. ‘पैसे द्या, दुप्पट करून देतो’ म्हणणारे भामटे, फुलांच्या पोकरवर जुगार खेळायला बोलावणारे, खऱ्या पैशांत खेळातले सोने विकणाऱ्या संकेतस्थळांची जाहिरात करणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, आणि या सगळ्यांना शिव्या घालणारे खेळाडू यांच्या ओळी एकापाठोपाठ एक येत राहतात. त्यातल्या अनेक ओळी लाटेसारख्या हलणाऱ्या किंवा लुकलुकणाऱ्या असतात, कारण संदेशाच्या आरंभी ठरावीक शब्द लिहून अक्षरांना तसे परिणाम देण्याची सोय या खेळात फार पूर्वीपासून आहे. एखाद्या नवख्याने विचारलेला साधा प्रश्न या गर्दीत उत्तर मिळण्यापूर्वीच वर सरकून नाहीसा होतो.

या त्रासावर अनेक खेळाडू वापरतात तो उपाय म्हणजे रूनलाइट या क्लायंटमधील, म्हणजे खेळ ज्यातून चालवला जातो त्या प्रोग्राममधील, ‘चॅट फिल्टर’ हे प्लगिन, अर्थात जोडसुविधा. रूनलाइट हा जावा भाषेत लिहिलेला, मोफत आणि मुक्तस्रोत क्लायंट आहे; त्याचा कोड बीएसडी परवान्याखाली कोणालाही वाचता येतो आणि खेळाची निर्माती कंपनी जॅगेक्स हिने मान्य केलेल्या क्लायंटांमध्ये त्याचा समावेश आहे. त्यामुळे हे प्लगिन वापरल्याने खाते बंद होईल का, ही शंका बाळगण्याचे कारण नाही. प्लगिन वेगळे उतरवावे लागत नाही, ते क्लायंटसोबतच येते. मात्र ते मुळात बंद असते. उजव्या बाजूच्या पट्टीतील पान्याच्या चिन्हावर टिचकी मारून यादीत त्याचे नाव शोधायचे, समोरचे बटण चालू करायचे आणि दातेरी चक्रावर टिचकी मारून सेटिंग उघडायची. येथवर सारे सोपे आहे.

पहिला धक्का बसतो तो यानंतर. प्लगिन चालू केले तरी पडद्यावर काहीही बदलत नाही, कारण त्यातील याद्या पूर्ण रिकाम्या असतात. शिव्यांची तयार यादी नाही, नेहमीच्या फसवणुकीच्या वाक्यांची यादी नाही, बॉटांच्या संकेतस्थळांची नावे नाहीत. अनेकांना हा आळशीपणा वाटतो. मला तो योग्य निर्णय वाटतो. बॉटांची भाषा सतत बदलते, त्यामुळे आज दिलेली तयार यादी थोड्याच काळात शिळी होईल. शिवाय काय ऐकायचे आणि काय नाही, हे प्रत्येक खेळाडूचे निराळे असते: एखाद्याला शिवीगाळ चालते पण जाहिरात चालत नाही, तर एखाद्याचे नेमके उलटे. शिव्यांसाठी खेळात स्वतःची गाळणी आहेच. गेम या टॅबवर उजवी टिचकी मारून किरकोळ सूचना दडवण्याची सोयही खेळातच आहे, आणि एखाद्याचे तोंड कायमचे बंद करायचे असेल तर इग्नोर यादी आहे. पण इग्नोर यादी व्यक्तीला रोखते, वाक्याला नाही. नवे खाते उघडून तेच वाक्य पुन्हा ओरडणाऱ्या बॉटापुढे ती यादी निव्वळ श्रम आहे. माणसाऐवजी मजकूर पकडणे हे या प्लगिनचे खरे काम, आणि त्या कामासाठी वापरकर्त्याने स्वतः नियम लिहिणे त्याला अपेक्षित आहे.

नियमात सापडलेल्या संदेशाचे काय करायचे, यासाठी तीन पर्याय आहेत. पहिला, केवळ सापडलेल्या शब्दाच्या जागी तितक्याच तारका दाखवणे. दुसरा, संपूर्ण संदेश काढून त्या जागी एक ठरलेले वाक्य टाकणे. त्या वाक्याचा आशय साधारण ‘मंडळी, मी आत्ता काहीतरी फारच खुळचट बोलायला गेलो!’ असा आहे, आणि एखाद्या भामट्याच्या तोंडी तो अवचित आला की हसू आवरत नाही. तिसरा पर्याय संदेश पूर्णपणे नाहीसा करण्याचा. बहुतेक जण थेट तिसऱ्याकडे धाव घेतात, कारण स्वच्छ चॅटबॉक्स हेच तर हवे असते. माझे मत असे की नवा नियम लिहिल्यावर निदान काही काळ तरी पहिल्या पर्यायावरच थांबावे. तारका दिसल्या की काहीतरी गाळले गेले हे कळते, आणि आजूबाजूच्या शब्दांवरून ते योग्य गाळले की अयोग्य याचा अंदाज येतो. तिसऱ्या पर्यायात हा सुगावाच उरत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवर हे प्लगिन उपकारक ठरणार की घातक, हे ठरते.

यामागचे कारण शब्दांच्या यादीत दडलेले आहे. ही यादी स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या शब्दांची असते. लहान-मोठ्या लिपीचा फरक प्लगिन पाहत नाही, ते ठीकच. परंतु शब्द ‘शब्द’ म्हणून शोधला जात नाही, तर अक्षरांचा तुकडा म्हणून शोधला जातो, आणि तो तुकडा मोठ्या शब्दाच्या पोटात सापडला तरी नियम लागू होतो. गाळणी बनवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भोवलेली ही चूक आहे. १९९६ साली इंग्लंडमधील स्कंथॉर्प या गावाच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या मधोमध एक अश्लील शब्द लपलेला होता आणि गाळणी तेवढाच पाहत होती. तेव्हापासून या प्रकाराला त्या गावाचेच नाव पडले आहे. या प्लगिनमध्ये शब्दांची चौकट वापरणारा प्रत्येक जण आपले स्वतःचे छोटे स्कंथॉर्प उभे करू शकतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी सावध करत नाही.

खेळातले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पोलादाच्या पट्ट्यांपासून तोफगोळे ओतताना प्रत्येक पट्टीमागे सूचनांची एक माळ येते: पट्टी वितळली, साच्यात ओतली, थंड होऊन चार गोळे झाले, गोळे साच्यातून काढले. या कामाला तासन्‌तास लागत असल्यामुळे त्या सूचना नकोशा होणे साहजिक आहे. समजा एखाद्याने खेळाच्या सूचनाही गाळण्याचा पर्याय चालू केला आणि यादीत ‘कॅनन’ एवढाच शब्द टाकला. इंग्रजीत तोफगोळ्याच्या नावात तोफेचे नाव अखंड बसलेले असते, म्हणून गोळ्यांचा उल्लेख असलेल्या सूचना लगेच बंद होतील आणि खेळाडू खूश होईल. पुढे कधीतरी तो तोच माल घेऊन तोफ लावायला जाईल, आणि तेव्हा ‘तुमची तोफ मोडली आहे’ ही सूचनाही त्याच नियमाने गायब होईल. मोडलेली तोफ वेळेत दुरुस्त केली नाही तर ती जागेवरून नाहीशी होते. नियम लिहिताना तोफ कोणाच्याही मनात नव्हती. नियमाला मात्र ती माहीत होती. पूर्ण ‘कॅननबॉल’ हा शब्द लिहिला असता तर हा प्रसंग आला नसता, आणि नियम जितका लांब तितका तो सुरक्षित, हे तत्त्व या चौकटीपुरते तरी कायम लक्षात ठेवावे.

दुसरी चौकट रेजेक्सची, म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा (पॅटर्न) विशेष चिन्हांनी लिहिण्याच्या पद्धतीची आहे, आणि प्लगिनची खरी ताकद तिथेच आहे. इथे दर ओळीला एक पॅटर्न लिहायचा असतो. जावातील रेजेक्सची सगळी सामग्री हाताशी असल्यामुळे शब्दाच्या दोन्ही टोकांना सीमेची खूण लावून वरची अडचण टाळता येते, एकाच अक्षराचे चार पर्याय चौकोनी कंसात देता येतात, ‘दुप्पट’ या अर्थाचा शब्द आणि त्यानंतर येणारा रकमेचा आकडा अशी जोडी एकत्र पकडता येते. जोडी पकडणे हे सर्वांत फलदायी. केवळ ‘दुप्पट’ गाळले तर दुप्पट अनुभवगुणांबद्दल बोलणारा मित्रही गाळला जातो. ‘दुप्पट’, मग काही अक्षरे, मग आकडा आणि त्यापुढे लाखांची खूण, असा पॅटर्न लिहिला तर तो बहुतांशी भामट्यालाच लागतो. रेजेक्स न येणाऱ्याने यासाठी थोडा अभ्यास करावा असे मी म्हणेन, कारण शब्दांच्या चौकटीत शंभर शब्द भरण्यापेक्षा नीट लिहिलेले पाच-सहा पॅटर्न अधिक गाळतात आणि कमी बिघडवतात.

पण हीच चौकट अननुभवी माणसाला सर्वांत लवकर फसवते. संकेतस्थळांच्या जाहिराती बंद करायच्या म्हणून कोणी शब्दांच्या चौकटीत टिंब आणि त्यापुढे कॉम असे लिहिले, तर ते ठीक चालते, कारण तिथे टिंब म्हणजे टिंबच. तीच अक्षरे उचलून रेजेक्सच्या चौकटीत ठेवली की टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो. मग इंग्रजी ‘वेलकम’ या शब्दातील एल आणि त्यापुढची सी-ओ-एम ही तीन अक्षरे बरोबर त्या पॅटर्नमध्ये बसतात, आणि गटात नव्याने आलेल्याचे स्वागत करणारा प्रत्येक संदेश नाहीसा होऊ लागतो. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ (\) दिली की प्रश्न मिटतो. तो प्रश्न आहे हे कळले पाहिजे, एवढेच. दुसरा सापळा उभ्या रेघेचा (|). पर्याय वेगळे करण्यासाठी वापरलेली उभी रेघ चुकून पॅटर्नच्या शेवटी राहिली, तर रेघेनंतरचा रिकामा पर्यायही वैध ठरतो, आणि रिकामा मजकूर जगातल्या प्रत्येक संदेशात सापडतो. संदेश नाहीसा करण्याचा पर्याय निवडलेला असेल तर ज्यांच्यावर नियम चालतो अशा सगळ्यांचे बोलणे एका झटक्यात बंद पडते.

याच्या उलट, पॅटर्नमध्ये व्याकरणाची चूक असेल, म्हणजे एखादा कंस उघडून बंद करायचा राहिला असेल, तर प्लगिन ती ओळ निमूटपणे वगळते. क्लायंट कोसळत नाही, इतर नियम चालू राहतात, हे चांगले. पण चौकटीला लाल कड येत नाही, ‘ही ओळ समजली नाही’ असे कुठे लिहून येत नाही. नियम लिहिला, जाहिरात येतच राहिली, तर दोष नियमात आहे की बॉटाने शब्द बदलला आहे, हे शोधण्याचे काम वापरकर्त्यावर पडते. माझ्या मते हा या प्लगिनचा सर्वांत अक्षम्य दोष आहे, कारण तो दूर करणे अवघड नाही. पॅटर्न तपासताना चूक सापडलेली असतेच. ती दाखवायची तेवढी बाकी आहे. आणखी एक सावधगिरीची सूचना: एकात एक गुंतलेली पुनरावृत्ती असलेले पॅटर्न लिहू नयेत. जावाचे रेजेक्स मागे फिरून पुन्हा-पुन्हा शक्यता तपासणाऱ्या पद्धतीचे आहे आणि खेळातील सार्वजनिक संदेश ऐंशी अक्षरांचा असला तरी अशा पॅटर्नला तेवढी लांबीही खेळ अडखळवण्यास पुरते.

बॉटांच्या चलाखीला तोंड देण्याच्या बाबतीत मात्र प्लगिन बरेच सजग आहे. गाळणी चुकवण्यासाठी अक्षरांवर फ्रेंच किंवा स्पॅनिशसारख्या खुणा चढवण्याची जुनी युक्ती आहे. माणूस ते वाचतो, यंत्र फसते. यासाठी नियम लावण्यापूर्वी अशा खुणा काढून टाकण्याचा स्वतंत्र पर्याय दिलेला आहे, आणि इंग्रजीत खेळणाऱ्याने तो चालू ठेवण्यात काहीच तोटा नाही. न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचे विशेष चिन्ह साध्या मोकळ्या जागेसारखे धरले जाते, म्हणून त्या चिन्हाने शब्द वेगळे करून पॅटर्न चुकवता येत नाही. खेळाची अक्षरमालाच मर्यादित असल्यामुळे इतर अनेक खेळांत सर्रास चालणारा प्रकार, म्हणजे लॅटिन अक्षराच्या जागी हुबेहूब तसेच दिसणारे सिरिलिक अक्षर घुसवणे, इथे शक्य नाही. हे श्रेय प्लगिनचे नसून खेळाच्या वयाचे आहे: ओल्ड स्कूल २२ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाले असले तरी ते ऑगस्ट २००७ मधील आवृत्तीवर उभे आहे आणि त्या काळच्या मर्यादा त्याच्यासोबत आल्या आहेत. कधीकधी जुनाटपणाही कामी येतो. ओ अक्षराच्या जागी शून्य किंवा ई अक्षराच्या जागी तीनचा आकडा लिहिण्याला मात्र तयार उत्तर नाही. ते पर्याय चौकोनी कंसात स्वतःच मांडावे लागतात.

नावांसाठी तिसरी चौकट आहे. त्यातही पॅटर्न चालतात, त्यामुळे एकाच धाटणीची नावे घेणाऱ्या बॉटांची टोळी एका ओळीत गप्प करता येते. इथेही नावाचा तुकडा जुळला तरी पुरतो, हे विसरू नये. तीन अक्षरांचे नाव टाकले तर ती तीन अक्षरे पोटात बाळगणारे सारे निरपराध खेळाडू मुके होतात. शेवटी आकडे असलेली सगळी नावे गाळावीत असा मोह होतो, पण चांगली नावे केव्हाच संपलेल्या खेळात शेवटी आकडे असणे हा काही गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

नियम कोणावर चालवायचे, याबाबत प्लगिनच्या मूळ निवडी समजूतदार आहेत. स्वतःचे संदेश कधीच गाळले जात नाहीत. मित्रयादीतील लोक, मित्रांच्या चॅट चॅनेलमधील सदस्य आणि क्लॅनचे, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटाचे, सदस्य यांना सुरुवातीला सूट असते. प्रत्येकासाठी वेगळे बटण आहे आणि हवे असेल तर ती सूट काढून घेता येते. अनोळखी माणसाने केलेली जाहिरात आणि मित्राने ‘आज पुन्हा त्या दुप्पटवाल्याने एकाला लुटले’ असे सांगणे यांत शब्द तेच असले तरी फरक आहे, हा फरक यंत्राला कळत नाही, नात्यावरून तो ओळखावा ही कल्पना म्हणूनच व्यवहार्य आहे. मोठ्या क्लॅनमध्ये, जिथे सदस्य एकमेकांना ओळखतही नाहीत, तिथे क्लॅनची सूट काढणे श्रेयस्कर. मात्र मग सार्वजनिक चौकासाठी लिहिलेले कडक नियम क्लॅनलाही जसेच्या तसे लागू होतात. चौकात एक आणि क्लॅनमध्ये दुसरा, असा नियम लिहिता येत नाही, आणि ही उणीव वापर वाढेल तशी अधिकाधिक बोचते.

शब्दांशी काहीच संबंध नसलेला, तरीही रोज सर्वाधिक उपयोगी पडणारा भाग म्हणजे एकत्रीकरण. तीच सूचना वारंवार आली की प्लगिन तिच्या आधीच्या प्रती दडवते आणि शेवटच्या ओळीपुढे कंसात संख्या दाखवते. खेळाच्या सूचनांसाठी आणि खेळाडूंच्या संदेशांसाठी याची वेगळी बटणे आहेत. लाकडे तोडताना किंवा मासे पकडताना एकाच वाक्याने भरून जाणारा चॅटबॉक्स त्यामुळे एका ओळीवर येतो. यापुढचा पर्याय म्हणजे एखाद्या खेळाडूने तोच सार्वजनिक संदेश ठरावीक वेळांपेक्षा जास्त वेळा म्हटला तर तो बंदच करणे. ही संख्या आपण द्यायची असते. एकही शब्द न लिहिता, एकही पॅटर्न न शिकता, केवळ या दोन सोयींवर ग्रँड एक्सचेंजचा चौक पुष्कळसा शांत होतो. नवख्या वापरकर्त्याने सुरुवात इथूनच करावी. मर्यादा एवढीच की प्रती ओळखताना बोलणाऱ्याचे नाव आणि मजकूर अशा दोन्हींची जोडी पाहिली जाते. दहा बॉट दहा नावांनी एकच वाक्य बोलले तर ती दहा वेगळी वाक्ये ठरतात. आणि बॉटाने प्रत्येक वेळी शेवटी एखादे निराळे अक्षर चिकटवले तर तेवढ्यानेही मोजणी नव्याने सुरू होते, आणि बॉट लिहिणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे.

तंत्राच्या अंगाने मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. हे प्लगिन संदेश पुसत नाही. चॅटबॉक्स पडद्यावर उभा करताना कोणती ओळ दाखवायची आणि कोणती नाही, एवढेच ते ठरवते. म्हणून सेटिंग बदलली की चॅटबॉक्स लगेच नव्याने मांडला जातो, आणि नियम काढून टाकला की त्याने दडवलेल्या अलीकडच्या ओळी परत दिसू लागतात. काहीतरी महत्त्वाचे गाळले गेल्याचा संशय आला तर प्लगिन क्षणभर बंद करून पाहता येते. याचा दुसरा लाभ असा की खेळाच्या सूचना वाचून मारलेल्या शत्रूंची संख्या वगैरे मोजणारी इतर प्लगिने यामुळे बिघडत नाहीत; त्यांच्यापर्यंत सूचना पोहोचलेली असते, आपल्या डोळ्यांपर्यंत तेवढी आलेली नसते. खेळाडूच्या डोक्यावर तरंगणाऱ्या मजकुरालाही तेच नियम लावले जातात, आणि हे फार महत्त्वाचे आहे, कारण चॅटबॉक्स स्वच्छ आणि चौकात मात्र प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत जाहिरात, अशी अवस्था झाली असती तर गाळणीला काही अर्थच उरला नसता. हे सर्व आपल्याच संगणकावर घडते. समोरच्याला आपण त्याचे बोलणे गाळले याचा पत्ता लागत नाही, आणि इतरांना त्याचे शब्द दिसतच राहतात.

शेवटच्या मुद्द्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एखादा खेळाडू सतत छळत असेल, धमक्या देत असेल, तर त्याला गाळल्याने आपली शांतता परत मिळते. त्याचे वागणे बदलत नाही आणि खेळाच्या नियंत्रकांपर्यंत काहीही पोहोचत नाही. चॅटबॉक्सशेजारचे तक्रारीचे बटण वापरून नाव टाकता येते, परंतु न दिसणाऱ्या संदेशाची तक्रार करायला माणसाला सुचणार तरी कशी? म्हणून जाहिराती आणि निरर्थक गोंगाट यांच्यासाठी गाळणी, आणि खऱ्या छळासाठी आधी तक्रार, मग इग्नोर यादी, असा क्रम मी सुचवेन.

उणिवांपैकी काही वर येऊन गेल्या. त्यांत भर घालायची तर नियम तपासून पाहण्यासाठी चाचणीची जागा नाही. एखादे वाक्य टाकून कोणता नियम त्याला लागतो हे पाहता येत नाही. एखादा नियम तात्पुरता बंद करायचा तर तो कापून दुसरीकडे जपून ठेवावा लागतो, कारण ओळीपुढे बंद-चालूचे बटण नाही. कोणत्या नियमाने किती संदेश गाळले याची मोजदाद नाही. ही मोजदाद असती तर तोफेच्या उदाहरणातील चूक काही मिनिटांत उघड झाली असती आणि कालबाह्य झालेले नियम कोणते, हेही दिसले असते. सध्या बहुतेक वापरकर्त्यांची यादी वर्षानुवर्षे फुगतच जाते, कारण जुना नियम अजून कामाचा आहे की नाही हे जाणण्याचा मार्ग नसल्याने तो काढायचे धाडस कोणी करत नाही.

याद्या साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्यामुळे त्या एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात, आणि खेळाडू त्या मोठ्या प्रमाणात एकमेकांना देतात. तयार यादी घेणे गैर नाही, पण ती आंधळेपणाने चिकटवू नये. दुसऱ्याच्या यादीत त्याचे राग असतात: त्याच्या भांडणातल्या माणसांची नावे, त्याला न आवडणाऱ्या गटाचे शब्द, एखाद्या भाषेतील नेहमीची अभिवादने. त्यातच एखादी शेवटी उभी रेघ असलेली ओळ असली तर ती शोधण्यात संध्याकाळ जाते. ओळी एकेक करून घ्याव्यात, आधी तारकांच्या पर्यायावर ठेवाव्यात आणि प्रत्येक ओळ काय पकडते हे स्वतःला सांगता येत नसेल तर ती सोडून द्यावी. रूनलाइटच्या प्रोफाइल या सोयीमुळे दोन याद्या वेगळ्या ठेवता येतात. बाजारात उभे राहण्यासाठी एक कडक आणि गटासोबत खेळण्यासाठी एक सैल, अशी विभागणी केली तर चॅनेलनिहाय नियम नसल्याची उणीव काही अंशी भरून निघते, जरी त्यासाठी प्रोफाइल बदलण्याची आठवण ठेवावी लागते आणि बदलल्यावर इतर सेटिंगही बदलतात.

मोबाइलवर खेळणाऱ्यांना यातले काहीच मिळत नाही. ओल्ड स्कूलची मोबाइल आवृत्ती ३० ऑक्टोबर २०१८ रोजी आली, पण रूनलाइट संगणकापुरतेच आहे. फोनवर खेळाच्या स्वतःच्या गाळणीवर आणि इग्नोर यादीवरच भागवावे लागते. दोन्हीकडे खेळणाऱ्याने म्हणूनच कायमच्या उपद्रवी नावांसाठी प्लगिनची चौकट न वापरता इग्नोर यादीच वापरावी, कारण ती खात्याला जोडलेली असते आणि कोणत्याही यंत्रावरून खेळले तरी सोबत येते, तर प्लगिनमधील जागा वाक्यांसाठी राखून ठेवावी.